संगणकीय पृथ्वीगोलावरील राष्ट्रीय भूवैज्ञानिक नकाशे : प्रमाणाच्या अनुषंगाने एक समीक्षा

बीजसंज्ञा : भूवैज्ञानिक नकाशा, संगणकीय पृथ्वीगोल, नकाशाचे प्रमाण, संपर्करेषा, दख्खन ट्रॅप

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पदवी वर्गाच्या एका प्रकल्प अहवालात पुढील आशयाचे विधान प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आले : नागपूर परिसरातील अमुक गावाची सार्वजनिक विहीर दख्खन ट्रॅप व ग्नाइस खडक यांच्या संपर्करेषेच्या पश्चिमेस ४० मीटर अंतरावर असून ती ट्रॅपमध्ये खोदलेली आहे, सबब नवी कूपनलिका पूर्वेस, ग्नाइसमध्ये घेणे इष्ट. विद्यार्थ्याने हे अंतर गूगल अर्थमधील मोजपट्टीने मोजले होते आणि मोजणीत चूक नव्हती. चूक निराळीच होती. ज्या नकाशातील ती रेषा होती, तो भारताचा १:२०,००,००० या प्रमाणाचा राष्ट्रीय नकाशा होता. त्या प्रमाणावर कागदावरील अर्ध्या मिलिमीटरची रेषा म्हणजे भूमीवरील एक किलोमीटर होय. रेषेच्या स्वतःच्या जाडीतच मावणारे ४० मीटरचे अंतर विद्यार्थ्याने दोन खडकांमधील अंतर म्हणून नोंदवले होते. अहवालावर मार्गदर्शक म्हणून सही प्रस्तुत लेखकाचीच होती. सुदैवाने त्या शिफारशीवरून कोणी कूपनलिका खोदली नाही.

हा अनुभव एकट्या विद्यार्थ्याचा किंवा एकट्या मार्गदर्शकाचा नाही. २००५ च्या जून महिन्यात गूगल अर्थ सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या आदल्या वर्षी नासाचे वर्ल्ड विंड आले होते आणि १२ ऑगस्ट २००९ रोजी इस्रोचे भुवन आले. या साधनांमुळे उपग्रह प्रतिमा महाविद्यालयाच्या संगणकावर आली आणि तिच्यावर कोणताही विषयवार नकाशा अंथरणे शक्य झाले. भूवैज्ञानिक नकाशे त्यांत अग्रभागी होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राज्यनिहाय नकाशे गूगल अर्थमध्ये उघडतील अशा केएमएल स्वरूपात दिले. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १:६,२५,००० प्रमाणाची माहिती विनामूल्य उपलब्ध केली. २००७ मध्ये ब्रायटन येथे ‘वनजिऑलॉजी’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची आखणी झाली आणि २००८ मध्ये ऑस्लोच्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत त्याचे संकेतस्थळ सुरू झाले. जगाचा १:१०,००,००० प्रमाणाचा नकाशा हे त्याचे उद्दिष्ट होते. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर राष्ट्रीय नकाशाबरोबरच १:५०,००० प्रमाणाची माहितीही पाहता येते.

या साधनांचे स्वागत करणारे लेखन आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. त्यांची चिकित्सा मात्र अभावानेच झालेली दिसते. प्रस्तुत लेखाचा रोख एकाच मुद्द्यावर आहे : राष्ट्रीय भूवैज्ञानिक नकाशा हे एका विशिष्ट प्रमाणावर केलेले विधान असते आणि संगणकीय पृथ्वीगोल ते विधान उचलताना त्याचे प्रमाण मागे ठेवतो.

न पुसट होणारी रेषा

कागदी नकाशाला एक अंगभूत प्रामाणिकपणा असतो. भिंग लावून पाहिले तर रेषा जाड दिसते, शाईचे कण दिसतात, आणि येथून पुढे या कागदाजवळ सांगण्यासारखे काही नाही हे वाचकाला कोणी न सांगता समजते. कागदी नकाशाची छाननी करून ती प्रतिमा पृथ्वीगोलावर अंथरली तरी हा गुण बऱ्याच अंशी टिकतो. जवळ गेले की प्रतिमा फाटते, रंगांचे चौकोन दिसू लागतात. व्हेक्टर स्वरूपातील बहुभुजांचे तसे होत नाही. त्यांच्या कडा गणिताने साठवलेल्या असतात. पाचशे किलोमीटर उंचीवरून पाहा अथवा पाचशे मीटरवरून, रेषा तेवढीच बारीक, तेवढीच रेखीव. खालची उपग्रह प्रतिमा घराचे छप्पर, बांधावरचे झाड, विहिरीचा कठडा दाखवू लागते आणि वरची रेषा जणू त्याच मोजमापाने आखली आहे असा भास होतो. तंत्रज्ञ व्हेक्टर माहितीला रास्टरपेक्षा श्रेष्ठ मानतात. साठवण आणि विश्लेषण यांच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु वाचकाला आपली मर्यादा सांगण्याच्या बाबतीत फाटणारी प्रतिमाच अधिक सचोटीची, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे.

नागपूरचेच उदाहरण पुढे नेऊ. हे शहर दख्खन ट्रॅपच्या पूर्व सीमेवर वसलेले आहे. सीताबर्डीची टेकडी ट्रॅपची आहे, शहराच्या पूर्वेस प्राचीन ग्नाइस आहे, उत्तरेस कामठीकडे गोंडवन संघाचे वालुकाश्म आहेत, आणि ट्रॅपच्या तळाशी ठिकठिकाणी लॅमेटा स्तर डोकावतात. १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी या परिसराचे भूविज्ञान प्रथम तपशिलाने मांडले. त्यांना जे उघडे दिसले त्यातील बराच भाग आज वस्तीखाली गेला आहे. संपर्करेषा ही अशा ठिकाणी क्वचितच डोळ्यांना दिसते. ती विहिरीच्या मलब्यावरून, खाणीच्या भिंतीवरून, नाल्यातील एखाद्या उघड्या पट्ट्यावरून अनुमानित केली जाते आणि दोन ज्ञात बिंदूंच्या मध्ये भूवैज्ञानिकाचा हात अनुभवाच्या आधारे रेषा ओढतो. म्हणूनच सविस्तर नकाशांवर प्रत्यक्ष पाहिलेली संपर्करेषा सलग आणि अनुमानित संपर्करेषा तुटक काढण्याचा संकेत आहे. बहुभुजांच्या स्वरूपात नकाशा प्रकाशित करताना हा भेद बहुधा नाहीसा होतो, कारण बहुभुजाला एकच कडा असते. ज्या अडाण्याने पाहिले नाही आणि ज्या जाणकाराने पाहिले त्या दोघांची रेषा मग सारखीच दिसते.

याखेरीज राष्ट्रीय नकाशा हा संकलित नकाशा असतो. सविस्तर नकाशांतील लहान खंड गाळून, वळणे सरळ करून, लगतचे शैलसमूह एकत्र करून तो तयार होतो. संकलनाची परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये ब्रिटिश भारताचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध करणारे जॉर्ज बेलास ग्रीनो भारतात कधीच आलेले नव्हते. इतरांच्या नोंदी जुळवून त्यांनी तो सिद्ध केला. संकलनात कमीपणा काही नाही. देशाची रचना एका दृष्टिक्षेपात दिसावी हाच राष्ट्रीय नकाशाचा हेतू, आणि तो हेतू गाळण्याशिवाय साधत नाही. प्रश्न निर्माण होतो तो, गाळून तयार केलेल्या नकाशाकडे न गाळलेल्या नकाशाचे उत्तर मागितले जाते तेव्हा.

यात आणखी एक गुंता आहे, तो गोलाभाचा. भारतातील जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत आणि गूगल अर्थ डब्ल्यूजीएस-८४ वर. रूपांतर न करता जुनी शीट जशीच्या तशी अंथरली, तर महाराष्ट्रात शंभर मीटरहून अधिक सरक पडू शकते. १:२०,००,००० च्या नकाशात ही सरक रेषेच्या जाडीत लपून जाते. १:५०,००० च्या नकाशात, जिथे अर्धा मिलिमीटर म्हणजे २५ मीटर, तिथे ती लपत नाही. पाचगणीच्या पठारावर याची सोपी चाचणी घेता येते. तेथील टेबल लँड म्हणजे बेसाल्टवर बसलेले जांभ्याचे टोपण. नकाशातील जांभ्याची कड पठाराच्या कड्याशी जुळायला हवी. ती कड्यावरून घसरून खालच्या उतारावर गेलेली दिसली, तर प्रथम गोलाभ तपासावा आणि मग भूवैज्ञानिकाला दोष द्यावा.

रंग राहिला, खोली गेली

भूवैज्ञानिक नकाशा जमिनीच्या रंगाचा नकाशा नव्हे. पृष्ठभागावर जे दिसते त्यावरून खाली काय असेल याविषयीचे ते अनुमान आहे. हा विचार या शास्त्राच्या आरंभीच होता. विल्यम स्मिथ यांच्या १८१५ च्या नकाशात प्रत्येक शैलसमूहाचा रंग तळाशी गडद आणि वरच्या बाजूस फिकट होत जातो. कोणता स्तर कोणत्या स्तरावर विसावला आहे, हे केवळ रंगाच्या छटेवरून वाचता यावे अशी ती योजना होती. त्याच नकाशावर एका कोपऱ्यात स्तरांचा उभा छेदही दिला आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी हाताने रंगवलेल्या त्या नकाशात खोलीचा जेवढा बोध होतो, तेवढा आजच्या पृथ्वीगोलावरील सपाट रंगाच्या बहुभुजातून होत नाही. बहुभुजावर क्लिक केले की एक चौकट उघडते. तीत शैलसमूहाचे नाव, वय आणि एक संकेतांक असतो. छेद नसतो, स्तंभ नसतो, नति किती व कोणत्या दिशेस याची खूण नसते. नकाशाबरोबर येणारी विवरणपुस्तिका तर मूळ कार्यालयाच्या ग्रंथालयातच राहते. विद्यार्थी मग बेसाल्टचा बहुभुज पाहतो आणि बेसाल्ट म्हणजे जमिनीवर पसरलेला एक रंग, असे समजून बसतो.

महाराष्ट्रासाठी हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खन ट्रॅपने व्यापलेला आहे आणि राष्ट्रीय प्रमाणावर तो एकाच रंगाचा विस्तीर्ण पट्टा दिसतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हा प्रवाहांची एकावर एक रचलेली ही चळत आहे. तिच्यातील एका प्रवाहाचा खालचा भाग घट्ट आणि वरचा भाग सच्छिद्र, दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टा, कोठे भेगा, कोठे त्या भेगा खनिजांनी बुजलेल्या. विहिरीला पाणी लागणे न लागणे या फरकांवर ठरते. राष्ट्रीय नकाशाचा एक रंग या फरकांबद्दल काहीच बोलत नाही. बोलण्याचा त्याचा दावाही नाही. तोच रंग शेताच्या बांधापर्यंत नेऊन दाखवला की मात्र नकाशाचे मौन उत्तरासारखे भासू लागते. मुंबईजवळ, पनवेलच्या पट्ट्यात, हेच प्रवाह पश्चिमेकडे वाकून समुद्राच्या दिशेने उतरतात. ‘पनवेल वळी’ म्हणून ती रचना भूवैज्ञानिकांना परिचित आहे. एकरंगी नकाशात पनवेल आणि पुणे यांच्यात काही फरकच नाही.

सविस्तर नकाशाकडे वळले की वेगळा प्रश्न उभा राहतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पश्चिम महाराष्ट्रातील लाव्हा प्रवाहांची विभागणी मुख्यतः त्यांच्या क्षेत्रात दिसणाऱ्या स्वरूपावरून आणि मोठ्या स्फटिकांच्या खूणस्तरांवरून केली. त्यातून साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर ही शैलसमूहांची नावे आली. १९८० च्या दशकात अन्य संशोधकांनी रासायनिक घटकांच्या आधारे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी निराळी श्रेणी मांडली. महाबळेश्वर हे नाव दोन्हींत आहे, पण दोन्हींत त्याची व्याख्या करण्याचा आधार वेगळा आहे. संशोधन लेखांत बहुधा दुसरी श्रेणी आढळते, शासकीय नकाशांत पहिली. पृथ्वीगोलावर एका वेळी एकच बहुभुज वर असतो आणि त्याची कडा निर्विवाद दिसते. खडकाच्या वर्गीकरणाविषयी तज्ज्ञांत दोन पद्धती आहेत, ही गोष्ट त्या चौकटीत कोठेही उमटत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने एका श्रेणीचा नकाशा आणि दुसऱ्या श्रेणीचा शोधनिबंध घेऊन दोन्हींतील ‘महाबळेश्वर’ एकच मानले, तर त्याला दोष कसा द्यावा?

जे कागदावर दिसत नव्हते

येथवरचे विवेचन वाचून संगणकीय पृथ्वीगोल त्याज्य ठरवण्याचा लेखकाचा हेतू आहे असा समज होऊ नये. काही गोष्टी या साधनानेच प्रथम सर्वांना दाखवल्या आहेत.

पहिली गोष्ट अध्यापनातील. जवळजवळ आडव्या स्तरांची सीमा समोच्च रेषांना समांतर धावते आणि कललेल्या स्तरांची सीमा दरी ओलांडताना इंग्रजी व्ही अक्षरासारखी वळते, हा नियम फळ्यावर शिकवणे किती कष्टाचे, हे भूविज्ञानाचा प्रत्येक अध्यापक जाणतो. आंबेनळी घाटाच्या परिसरात १:५०,००० चा नकाशा उंचसखल भूप्रतिरूपावर अंथरून पृथ्वीगोल तिरपा केला की लाव्हा समूहांच्या सीमा डोंगराच्या अंगाला कमरपट्ट्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून का आला, हे त्या वेळी सांगावे लागत नाही. येथे एकच सावधगिरी हवी : उंचीची अतिशयोक्ती एकपट ठेवावी. गूगल अर्थमध्ये ती तीनपटीपर्यंत वाढवता येते, आणि तीनपट ताणलेल्या सह्याद्रीत एका अंशाहूनही कमी असलेला स्तरांचा कल विद्यार्थ्यांना डोंगरउतारासारखा वाटू लागतो.

दुसरी गोष्ट अधिक मौलिक आहे. अमेरिकेच्या राज्यांचे नकाशे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या प्रमाणांवर, वेगवेगळ्या भूवैज्ञानिकांनी तयार केले. ते पृथ्वीगोलावर शेजारी शेजारी ठेवताच राज्यांच्या सरळ सीमांवर शैलसमूह एकाएकी तुटलेले दिसू लागले. निसर्गात तेथे काहीच तुटलेले नाही. तुटलेले आहे ते वर्गीकरण. अमेरिकी भूवैज्ञानिक गमतीने याला राज्यसीमेवरील भ्रंश म्हणतात. २०१७ मध्ये त्यांच्या सर्वेक्षणाने ४८ राज्यांचे नकाशे एका रचनेत आणून प्रसिद्ध केले, तेव्हाही या तुटी पुष्कळशा तशाच राहिल्या. त्या झाकल्या नाहीत ही बाब प्रस्तुत लेखकाला स्तुत्य वाटते. भूवैज्ञानिक नकाशा मनुष्याने केलेले अनुमान आहे, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. सुंदर, एकसंध, डोळ्यांना सुखावणारा नकाशा हा पुरावा देऊ शकत नाही.

उपाय आहेत, वापर नाही

आश्चर्य याचे वाटते की वर दाखवलेल्या दोषांवरील उपाय या तंत्रातच उपलब्ध आहेत. केएमएल ही २००८ पासून ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमची मान्य प्रमाणपद्धती आहे. कोणता लेअर किती जवळ गेल्यावर दिसावा आणि किती जवळ गेल्यावर अदृश्य व्हावा, हे ठरवण्याची सोय तिच्यात आहे. १:२०,००,००० च्या नकाशाला ही मर्यादा घातली, तर वाचक गावापाशी पोहोचण्यापूर्वीच रंग विरून जाईल आणि पुढचे त्याला दुसरीकडे शोधावे लागेल. ब्रिटिश सर्वेक्षणाने आपल्या संकेतस्थळावरील दर्शकात असाच मार्ग धरला. दुरून १:६,२५,००० आणि जवळून १:५०,००० असा नकाशाच बदलतो. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या ‘मॅक्रोस्ट्रॅट’ या प्रकल्पात निरनिराळ्या प्रमाणांचे नकाशे क्रमाने गुंफलेले आहेत आणि समोरचा तुकडा कोणत्या मूळ नकाशातून आला हे वाचकाला विचारता येते. ही पद्धतही निर्दोष नाही. शेवटच्या नकाशाच्या पलीकडे जाऊन झूम करणाऱ्याला तेथेही कोणी अडवत नाही. तथापि प्रमाण नावाची काही गोष्ट असते, एवढे तरी तेथे जाणवते.

उपलब्धतेची जुनी सबब आता पुरेशी राहिलेली नाही. २००५ मध्ये गूगल अर्थमुळे देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचेल अशी चिंता तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी व्यक्त केली होती. त्या काळी स्थलदर्शक नकाशे मिळवणे हेच अध्यापकापुढील मोठे संकट असे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने भूस्थानिक माहितीविषयीचे निर्बंध बरेच शिथिल केले. सविस्तर नकाशा मिळत नाही म्हणून राष्ट्रीय नकाशा ताणून वापरला, हे समर्थन पूर्वी सहानुभूतीने ऐकले जाई. आज ते बहुतांशी आळसाचे लक्षण आहे. परीक्षक म्हणून आपण अहवालातील नकाशाखाली उत्तर दिशेचा बाण नाही म्हणून गुण कापतो. मूळ नकाशा कोणत्या प्रमाणाचा, कोणत्या वर्षीचा, कोणत्या गोलाभावरचा, हे लिहिलेले नसले तर मात्र कापत नाही. संगणकाच्या पडद्यावरील छायाचित्र चिकटवले आणि खाली ‘स्रोत : गूगल अर्थ’ असे लिहिले की आपले समाधान होते. गूगल अर्थ त्या खडकाचा स्रोत नव्हे. ज्या क्षेत्रात कोणी तरी हातोडा घेऊन हिंडले, ते क्षेत्रकार्य त्याचा स्रोत होय.

प्रारंभी उल्लेखिलेल्या अहवालानंतर प्रस्तुत लेखकाने वर्गात एक साधा पाठ सुरू केला. विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय नकाशातील एखादी संपर्करेषा पृथ्वीगोलावर घ्यायची आणि ती पुसून तिच्या जागी भूमीवरील तिच्या खऱ्या जाडीचा, म्हणजे एक किलोमीटर रुंदीचा, पट्टा काढायचा. नागपुरात असा पट्टा काढला तर सीताबर्डीचा किल्ला आणि रेल्वे स्थानक त्यात एकत्र मावतात. पट्टा काढून झाल्यावर, या पट्ट्याच्या आत खडक कोणता, असे विद्यार्थ्यांना विचारले जाते. पहिल्या वर्षी वर्ग काही वेळ गप्प राहिला. मग एकीने विचारले, “सर, इथे कुठे विहीर खोदायचं काम चालू आहे का? मलबा बघून येऊ.”